व्हिक्टोरियाकालीन अक्रोडी साइडबोर्ड

साइडबोर्ड म्हणजे इंग्रजी घरात जेवणाच्या खोलीत भिंतीलगत ठेवलेले लांबट, बैठे कपाट. वरच्या फळीवर वाढपाची भांडी, खणांत काटे-चमचे, खालच्या कप्प्यांत बशा आणि बाटल्या. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, सुखवस्तू घराची ऐपत साइडबोर्डवरून दिसे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही कोरीव साइडबोर्ड मांडलेले होते. अठराव्या शतकात महोगनीने मागे सारलेले अक्रोडाचे लाकूड याच काळात पुन्हा मानाला चढले.

तरीही असा साइडबोर्ड पुष्कळदा अखंड अक्रोडाचा नसतो. सांगाडा पाइनसारख्या साध्या लाकडाचा असतो आणि त्यावर अक्रोडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे विनियर, बसवलेला असतो. सर्वांत देखणी नक्षी झाडाच्या गाठीत मिळते. पण गाठीतले तंतू सगळ्या दिशांना धावतात. तिची जाड फळी वाकते, तडकते. म्हणून पापुद्रा काढणे हेच शहाणपणाचे. गाठीतून लागोपाठ कापलेले दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उलगडून लावले, की डाव्या दारावरची नक्षी उजव्या दारावर आरशातल्यासारखी उमटते. ते चिकटवायला जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गरम सरस वापरीत.

सुताराचा हात पारखायचा तर खण ओढून बाजूने पाहावा. पारव्याच्या पिसाऱ्यासारखे पसरट दात एकमेकांत अडकवून कोपरा जोडलेला असतो. खण हजारदा ओढला तरी हा सांधा निसटत नाही. दातांची मापे किंचित कमी-जास्त असली आणि आखणीची बारीक रेघ दिसली, तर ते काम बहुधा हाताचे.

शेवटचा हात फ्रेंच पॉलिशचा. कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख थरावर थर चढवीत. बोळा अडकू नये म्हणून जवसाच्या तेलाचा थेंब. ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जाई. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची ती देणगी. मात्र गरम भांडे किंवा सांडलेले मद्य यांचा डाग तिच्यावर लगेच पडतो.

सरस ऊब आणि ओल मिळताच सुटतो. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांनंतरही जाणकार कारागीर सुटू लागलेला पापुद्रा अलगद उचलून पुन्हा बसवू शकतो. दुरुस्त करता येईल असे बांधणे, हेच या कारागिरीचे मोठेपण.