उसनी ताकद आणि तिचं व्याज
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमातील भाषण)



‘माझा छंद’ या विषयावर बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, “तुम्हाला कसला छंद? पासबुक भरण्याचा?” चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे हा आरोप मला मान्य आहे. पण आपल्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी बॉनेट उघडं ठेवून वाकलेला एक म्हातारा तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. आज त्याबद्दलच बोलतो. थोडी कबुलीही द्यायची आहे.

निवृत्त झालो २०१२ साली. मिळालेल्या पैशातून डिझेल स्विफ्ट घेतली. १२४८ सीसीचं इंजिन, ताकद ७५ अश्वशक्ती, टॉर्क १९० न्यूटन-मीटर. हे इंजिन मूळ फियाटचं. आपल्याकडे ते इतक्या गाड्यांत बसलं, की लोक त्याला गमतीनं ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. फियाटच्या गाड्यांसाठी ते इथं जवळच, रांजणगावला तयार व्हायचं.

आता टर्बो म्हणजे काय, हे आपल्या महिला मंडळाच्या भाषेत सांगतो. चुलीत लाकडं कितीही कोंबली तरी फुंकणीनं वारा घातल्याशिवाय जाळ होत नाही, नुसता धूर होतो. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. गंमत अशी, की ही फुंकणी इंजिनाच्याच टाकाऊ धुरावर चालते. सायलेन्सरकडे निघालेला गरम वायू एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून आत ढकलतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती आधी इंटरकूलरमधून थंड करून घेतात. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. हवा जास्त, तर डिझेल जास्त जाळता येतं, आणि ताकद वाढते. हवा कमी आणि डिझेल जास्त झालं, की काळा धूर. एवढं लक्षात ठेवा, पुढची गोष्ट त्यावरच आहे.

२०१९ साली गाडीचे ९०,००० किलोमीटर झाले होते. पिकअप कमी झाल्यासारखं वाटत होतं. आमचा नातू, मुलीचा मुलगा, तेव्हा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायचा. मेकॅनिकलचं दुसरं वर्ष. तो म्हणाला, “आजोबा, हेच इंजिन कंपनीनं अर्टिगात ९० अश्वशक्तीला विकलंय. म्हणजे ताकद आत आहेच, फक्त बाहेर काढायची आहे.” मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते पटवून घ्यायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची प्रकरणं मंजूर केली, आता स्वतःचं एक मंजूर करावंसं वाटलं.

त्या ९० वाल्या इंजिनाचा टर्बोच निराळा होता, हे मी तेव्हा विचारलं नाही. त्यात पंख्याभोवतीची पाती हलतात आणि वेगाप्रमाणे गरम वायूची वाट लहान-मोठी करतात. कंपनीनं ताकद वाढवताना हवेची सोय आधी केली होती. आम्ही फक्त डिझेलची केली.

ती कशी? एक छोटी डबी मिळते. आधुनिक डिझेल इंजिनात एका नळीत डिझेल प्रचंड दाबाखाली साठवलेलं असतं. टायरमध्ये साधारण दोन बार दाब असतो, इथं तो हजाराच्या वर जातो. (म्हणून इंजिन चालू असताना त्या नळ्यांना कुणीही पाना लावू नये. बारीक धारसुद्धा कातडीतून आत घुसते.) दाब किती आहे, हे एक सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत असतो. डबी मध्ये बसते आणि खरा दाब कमी करून सांगते. कॉम्प्युटरला वाटतं दाब कमी पडतोय, तो आणखी वाढवतो. त्यामुळे तेवढ्याच वेळात डिझेल जास्त जातं.

बँकेतले जे कोणी इथं बसले असतील, त्यांच्या लक्षात आलं असेल. हे खोटं स्टॉक स्टेटमेंट झालं. फक्त उलटं. पार्टी गोदामातला माल फुगवून दाखवते आणि जास्त कर्ज उचलते. आम्ही दाब कमी दाखवून जास्त डिझेल उचललं. असल्या पार्ट्यांना मी आयुष्यभर पत्रं लिहिली, आणि सदुसष्टाव्या वर्षी स्वतः तेच केलं.

बसवायला अर्धा तास लागला. एक प्लग काढला, दोन लावले. पहिल्या दिवशी सिंहगड रोडला गाडी अशी काही सुटली की मी लहान मुलासारखा हसलो. हे लपवत नाही, मजा आली. त्यानंतर आम्ही थांबतो कशाला? भारी एअर फिल्टर आणला. मग नातवानं ईजीआर नावाच्या वाटेवर पत्र्याची चकती मारली. ही वाट थोडा जळका वायू परत इंजिनात पाठवते, त्यामुळे आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे घातक वायू कमी होतात. ती बंद केली की इंजिनात काजळी कमी जमते. पण ते घातक वायू मग सगळ्यांच्या नाकात जातात. इंजिन आमचं स्वच्छ, हवा सगळ्यांची घाण, असा हिशेब.

आता कबुली. सकाळी सातला मी गाडी सुरू करून थोडा वेळ तशीच ठेवायचो, मग रेज करून बाहेर काढायचो. मागून काळा ढग निघायचा. माझ्या पार्किंगसमोर तळमजल्यावर ज्या वहिनी राहतात, त्यांच्या नातवाला दम्याचा त्रास आहे. तो तेव्हा चार वर्षांचा होता. वहिनींनी कधी तक्रार केली नाही. एकदा पावसाळ्यानंतर माझ्या लक्षात आलं, की सात वाजता त्यांची खिडकी बंद होते आणि माझी गाडी गेल्यावर उघडते. लक्षात आलं, तरी मी काही केलं नाही. याच सोसायटीचा खजिनदार असताना ‘खिडकीखाली स्कूटर चालू ठेवू नये’ अशी नोटीस मीच माझ्या अक्षरात बोर्डावर लावली होती.

दिवाळीनंतर कोल्हापूरला निघालो. गाडीत पाच माणसं आणि सामान. खंबाटकी चढताना चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी वाढेना. मागून सौ. म्हणाल्या, “काहीतरी करपतंय.” क्लचप्लेट घसरत होती. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पाय हलका ठेवून कसेबसे वर आलो. मागे ट्रकची रांग आणि हॉर्न. गाडीत दीड वर्षाची पणती होती, माझ्या पुतणीची नात. त्या वळणावर गाडी मागे सरकली असती तर, हा विचार आजही रात्री येतो.

साताऱ्याला गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री तिशीतला मुलगा. बॉनेट उघडलं, डबी पाहिली, काही बोलला नाही. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपावर हात फिरवून मला बोटं दाखवली. तेलकट. पाइपाच्या खालच्या बाजूला बोटभर चीर होती. एरवी मिटलेली, जोर पडला की तोंड उघडायची आणि दाबलेली हवा तिथूनच बाहेर जायची. तो म्हणाला, “काका, टॉनिक कशाला देत बसलाय? आधी भोक बुजवा.”

म्हणजे गाडीचं पिकअप गेलं होतं ते हवेच्या गळतीनं. ७५ पैकी काही अश्वशक्ती रोज वाटेत सांडत होती. ती न शोधता आम्ही वर आणखी डिझेल ओतलं. धूर त्याचाच होता. आणि नव्वद हजार किलोमीटर झालेल्या क्लचप्लेटला हा वरचा बोजा म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पाइप काही शेकड्यांत आला. क्लचसेट मजुरीसकट १४,००० रुपये.

पाइप बदलला, डबी काढली, चकती काढली, जुना फिल्टर परत बसवला. सातारा ते कोल्हापूर गाडी नव्यासारखी गेली, धूर न काढता. नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजोबा, आपण आधी तपासायला हवं होतं.” मी म्हटलं, “आपण नाही, मी. सही माझी होती.”

आणखी एक सही राहिली होती. विम्याचं नूतनीकरण मी ऑगस्टमध्ये केलं, तेव्हा गाडीत बदल केल्याचं कळवलं नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला असता, तर विमा कंपनीला हात वर करायला मीच कारण दिलं असतं. समोरच्याची भरपाई कोणी केली असती?

कोल्हापूरहून आल्यावर वहिनींकडे गेलो. झालेलं सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, “मला वाटलं गाडी आजारी आहे तुमची, म्हणून बोलले नाही. चहा घेणार का?” चहा घेतला. आयुष्यात एवढा अवघड चहा प्यायलो नाही.

तरुण मंडळी इथं आहेत. मी तुम्हाला गाडीला हात लावू नका असं सांगणार नाही. जरूर लावा. पण बँकेत आम्ही शिकलो ते सांगतो: नवीन कर्ज देण्याआधी जुनी वसुली करा. गाडीत मुळात जे आहे ते पूर्ण मिळतंय का, ते पाहा. टर्बोचे पाइप आणि क्लिपा हातानं चाचपा, तेलकटपणा दिसला तर शंका घ्या. शिट्टीसारखा किंवा फुस्स आवाज आला तर दुर्लक्ष करू नका. एअर फिल्टर आपल्या धुळीत वेळेआधी बदला. ऑइल ठरलेल्या ग्रेडचंच घाला, कारण टर्बोचा दांडा त्या तेलावरच तरंगतो. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, अर्धा-एक मिनिट इंजिन शांत चालू द्या. ईजीआर बंद करू नका, साफ करून घ्या. टायरमधली हवा पाहा, डिकीतलं निम्मं सामान घरात आणा. आणि ताकदीच्या आधी ब्रेक पाहा. यातल्या कशालाही आरटीओची भीती नाही आणि शेजाऱ्याची खिडकी बंद होत नाही.

ताकद वाढवता येते, यात शंका नाही. पण ती उसनी असते, आणि व्याज कोणीतरी भरतंच. आमच्या वेळी थोडं क्लचनं भरलं, थोडं माझ्या खिशानं, आणि सगळ्यात जास्त तळमजल्यावरच्या एका चार वर्षांच्या मुलानं, ज्यानं कर्जाच्या कागदावर सहीच केली नव्हती.

नातू आता एका कंपनीत इंजिन टेस्टिंगलाच आहे. माझी गाडी अजून पार्किंगमध्ये आहे, ७५ अश्वशक्तीची, जेवढी कागदावर तेवढीच. २०२७ ला तिची पंधरा वर्षं पूर्ण होतील, तोवर मी आणि ती एकमेकांना सांभाळून घेऊ. कुणाला आपल्या गाडीचे पाइप तपासून हवे असतील, तर रविवारी सकाळी नऊनंतर या. नऊच्या आधी नको, खिडक्या उघड्या असतात.