वाऱ्याशी इमान राखणारा अभियंता : योहानेस यूल



साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरील तीन पात्यांच्या पवनचक्क्या आपल्या परिचयाच्या आहेत. ही तीन पात्यांची रचना जगात रुजविण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, त्या डेन्मार्कच्या योहानेस यूल या अभियंत्याचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच घेतले जाते.

यूल यांचा जन्म १८८७ चा. आस्कोव येथील लोकविद्यालयात पॉल ला कूर हे शिक्षक पवनचक्कीपासून वीज निर्माण करीत होते. खेड्यालाही वीज मिळावी, या तळमळीने त्यांनी ग्रामीण तरुणांसाठी वीजतंत्राचे वर्ग चालविले. किशोरवयीन यूल त्या वर्गात शिकले. १९०८ मध्ये ला कूर निवर्तले. यूल वीजक्षेत्रातील नोकरीत स्थिरावले. पण गुरूने पेरलेले बीज चार दशके मातीत टिकून राहिले.

दुसऱ्या महायुद्धात परदेशी इंधनावर विसंबणाऱ्या डेन्मार्कला टंचाईची झळ बसली. युद्धानंतर, साठीच्या सुमारास, यूल पुन्हा वाऱ्याकडे वळले. लहान यंत्रांवर प्रयोग करून १९५७ मध्ये त्यांनी गेडसर येथे २०० किलोवॅट क्षमतेची पवनचक्की कार्यान्वित केली. तिच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास होता २४ मीटर.

तिचे वैशिष्ट्य साधेपणात होते. तिचे जनित्र थेट वीजजाळ्याला जोडलेले असल्याने जाळेच तिचा वेग जवळपास स्थिर राखी. वारा अतिवेगवान झाला की पात्यांचा आकारच शक्तीला मर्यादा घाली. जाळे तुटून चक्की बेफाम फिरू लागलीच, तर पात्यांची टोके वळून गतिरोधकाचे काम करीत. गुंतागुंतीच्या नियंत्रणावाचून ती सुमारे दहा वर्षे चालली.

परंतु तो काळ स्वस्त तेलाचा होता. पवनवीज परवडत नाही, असा हिशेब मांडला गेला आणि १९६७ मध्ये ती चक्की थांबली. १९६९ मध्ये यूल यांनी जगाचा निरोप घेतला. आपले कार्य फोल ठरले, असेच त्या दिवशी कोणालाही वाटले असते.

अवघ्या चार वर्षांनी, १९७३ मध्ये, तेलसंकट कोसळले. आयात तेलावर जगणारा डेन्मार्क हादरला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गेडसरची चक्की दुरुस्त करून पुन्हा फिरविण्यात आली. तिच्या मोजमापांत अमेरिकेच्या नासा संस्थेनेही रस घेतला. डॅनिश कारागीर आणि उद्योजकांनी तिची मूलतत्त्वे उचलली आणि त्यांची यंत्रे देशोदेशी गेली. आज डेन्मार्कच्या विजेचा निम्म्याहून अधिक भाग वाऱ्यापासून मिळतो.

तेल स्वस्त असताना केलेल्या हिशेबात एक रक्कम धरलेली नव्हती : परावलंबनाची किंमत. ती १९७३ मध्ये राष्ट्राला मोजावी लागली. गुरूचा वसा शिष्याने साठीत पूर्ण केला आणि शिष्याचे कार्य राष्ट्राने त्याच्या मृत्यूनंतर ओळखले. तत्कालीन नफा-तोट्यापलीकडे पाहून निष्ठेने उभे केलेले कार्य वाया जात नाही, हाच यूल यांच्या जीवनाचा बोध आहे.