शिंप्याला अंगुस्तान, आम्हाला काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मासे साफ करताना बोटात काटा गेला, तर आपल्याकडची बाई हात धुते आणि पुढचा बांगडा उचलते. शस्त्रक्रियागृहात सिस्टर म्हणून मीही बरीच वर्षं तेच केलं.

२०१९ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान रुग्णालयात रात्री सिझेरियन चालू होतं. टाके संपत आले होते. डॉक्टरांकडून सुई परत घेताना ती माझ्या तर्जनीत घुसली. हातमोज्याच्या आत लाल ठिपका दिसला. "काही नाही," म्हणाले आणि कामाला लागले. सकाळी मेट्रनबाईंना सांगितलं, तर त्या संतापल्याच. एचआयव्ही रोखणारं औषध शक्यतो २ तासांत सुरू करायचं असतं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही, आणि ते २८ दिवस घ्यावं लागतं.

खरं तर अशा सुईतून एचआयव्ही होण्याचा धोका तीनशेत एक इतकाच. हिपॅटायटिस बी मात्र फार चिवट. लस न घेतलेल्याला तो शंभरात तिसांपर्यंतही होऊ शकतो. लसीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. माझा तिसरा राहिला होता!

शिंपी बोटात अंगुस्तान घालतो. आमच्याकडे दोन हातमोजे, एकावर एक. बोटांना सुरुवातीला जड वाटतं, पण सुई वरच्या मोज्यातून गेली तरी आतला बऱ्याचदा शाबूत राहतो. स्नायूंचे थर शिवायला बोथट टोकाच्या सुया मिळतात. कातडीला त्या चालत नाहीत. आणि सुई हातातून हातात द्यायचीच नाही. मध्ये ट्रे, त्यात ठेवायची, तोंडाने "सुई" म्हणायचं, मग दुसऱ्याने उचलायची. ज्येष्ठ सर्जनना हे सांगणं सर्वांत अवघड, हे माझं मत! वापरलेली सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. चादरीत राहिली, तर ती सफाई करणाऱ्या मावशींना टोचते. टोचलंच तर साबण-पाण्याने धुवायचं. पिळायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही.

त्या दिवशी बाळंतिणीचं रक्त तपासायला तिची संमती हवी होती. तिच्या सासूबाई भडकल्या, "आमच्या सुनेला काय झालंय?" मी बोट दाखवलं. सुनेने बाळाला दुसऱ्या कुशीला घेतलं आणि सही केली. तिचा रिपोर्ट चांगला आला. पण तो येईपर्यंत घरी मी नवऱ्याशी धड बोलले नव्हते.