सांधा डॉक्टरांनी बदलला, मांडीचं काय?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)

मी डॉक्टर नाही, तुमच्या गटांच्या वह्या बघणारी मुलगी. पण आज हप्त्यांचं नाही, गुडघ्याचं बोलायचंय.

माझ्या आजीचा गुडघा बदलला. घरी आणल्यावर आम्ही तिला खाटेवर झोपवलं, गुडघ्याखाली उशी दिली, "आता उठू नको" म्हटलं. प्रेमानंच केलं. महिन्याभरानं पाय सरळ होईना, उठताना मांडी थरथरायची. आजी म्हणे, ऑपरेशन फसलं. तसं नव्हतं. सांधा ठीक होता, मांडीचा स्नायू ढिला पडला होता. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात मांडीची ताकद निम्म्याच्या आसपास येते, ती गोळीनं परत येत नाही. आणि गुडघ्याखाली उशी ठेवली की पाय वाकडाच राहायची सवय लागते. ही चूक आमची.

मग फिजिओथेरपिस्टताईंनी शिकवलं ते सांगते. पाऊल वर-खाली हलवायचं, तासातासाला; रक्त फिरतं राहतं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, मांडी घट्ट करायची, पाच मोजायचे, सोडायचं. टाच खाटेवर सरकवत गुडघा हळूहळू वाकवायचा. पुढे जमलं की चांगला पाय वाकवून दुसरा सरळ पाय वीतभर उचलायचा. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून तीनदा. नंतर उंच खुर्चीवरून उठ-बस, आधी हात टेकून, मग न टेकता. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. थोडं दुखणारच, बर्फानं शेकायचं. कोणाला कधी काय सुरू करायचं, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पोटरी सुजून दुखली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर व्यायाम थांबवून लगेच दवाखाना. दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन.

अटलजी पंतप्रधान असताना त्यांचे गुडघे मुंबईत ब्रीच कँडीत बदलले, एक ऑक्टोबर २००० मध्ये, दुसरा जून २००१ मध्ये. हाताखाली एवढी माणसं, तरी पाय त्यांना स्वतःलाच उचलावा लागला असणार!

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली, तरी एकूण खर्च मोठाच. गटातून कर्ज काढून ऑपरेशन करायचं आणि व्यायामाला मात्र वेळ नाही, असं आपल्याकडे होतं. का? सून शेतात, भाकरी कोण टाकणार? मग बाई चुलीपुढे उकिडवी बसते. माझी विनंती आहे, ज्या ताईचं ऑपरेशन झालंय तिच्या घरी गटातल्या दोघींनी आळीपाळीनं जावं. एकीनं भाकरी टाकावी, दुसरीनं पाच आकडे मोजावेत.

आजी आता काठी घेऊन गोमाईच्या पुलापर्यंत जाऊन येते. उकिडवी बसत नाही, त्यावरून रोज कुरकुर.

आणि हो, पुढच्या बैठकीला सतरंजीसोबत दोन उंच खुर्च्याही आणा. गुडघ्यांमुळे यायच्या बंद झालेल्या मावश्यांना मी निरोप देते.