कॉलेजचे शिक्षण : श्रद्धा, मैत्री आणि उपजीविका

(ज्युबिलीनिमित्त पळसदरी येथे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल दिवशी गतकाळातील उपकारांबद्दल परमेश्वराचे आभार मानावे, हे योग्यच होय. परंतु ज्या तरुण पिढीच्या हाती उद्या ही वेदी सोपवावयाची, ती आज पहाटेच्या लोकलने कॉलेजास जात आहे. म्हणून तिच्या शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

पळसदरी हे वाटेवरचे गाव. १८५६ साली आगगाडी येथवर आली; १८६३ साली बोरघाटातून खंडाळ्यास जाणारा लोहमार्ग खुला झाला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८६९ साली, जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी मुंबईस सेंट झेवियर्स कॉलेज स्थापिले. बोरीबंदरास उतरणाऱ्या मुलास तेथे पायी जाता येते. वाट अशी सोपी झाली. पण आईच्या मनातील भीती काही सोपी झाली नाही. मुलगा शिकला की रोझरी विसरेल, मोठ्या पगारामागे जाईल आणि गावाकडे फिरकणार नाही, असे तिला वाटते. ही भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. तशी उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. तथापि दोष विद्येचा की विद्येच्या हेतूचा, हे पाहिले पाहिजे.

१९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा या कॉलेजातील जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे ठरले. कित्येक स्थानबद्ध झाले, पुष्कळांस मायदेशी परतावे लागले. तरी कॉलेज बंद पडले नाही. पुढे स्पेन देशाच्या धर्मगुरूंनी तो भार उचलला. एकाने पेरावे, दुसऱ्याने पाणी घालावे आणि वाढविणारा परमेश्वर असावा, ही शिकवण तेथील विद्यार्थ्यांनी पुस्तकाबाहेर पाहिली.

त्या कठीण काळात तेथे फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ब्रह्मदेशातून परतलेला एक मुसलमान तरुण तेव्हा दुसऱ्या एका संस्थेत व्यापारी कायदा व हिशेब शिकत होता. मन मात्र पाखरांत गुंतलेले. फादरांनी त्याचा कल ओळखला आणि त्यास प्राणिशास्त्र शिकण्याची गळ घातली. तोच तरुण पुढे पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली म्हणून जगास ठाऊक झाला. फादरांनी त्याचा धर्म पाहिला नाही, पदरी पडणारा पगार पाहिला नाही. देवाने त्याच्या ठायी कोणते देणे ठेविले आहे, तेवढे पाहिले. व्यवसाय निवडण्याची ख्रिस्ती रीत ती हीच, आणि परधर्मीयाशी मैत्री करण्याची रीतही हीच.

दुसरे उदाहरण तर आमच्या माथ्यावरच्या घाटातले. त्याच कॉलेजातील स्पॅनिश धर्मगुरू फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी खंडाळ्याची राने पायांखाली घालून तेथील वनस्पतींचा ग्रंथ रचिला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे संचालक झाले व १९६७ साली पद्मश्रीने गौरविले गेले. मिस्सा अर्पण करणारे हात झुडपाचे पान न पान तपासीत होते. श्रद्धा ज्ञानास भिते असे म्हणणाऱ्यास आम्ही हा घाट दाखवू.

त्या कॉलेजचे ब्रीद पवित्र शास्त्रातील गरुडाच्या दृष्टांतावरून घेतले आहे. गरुड पिलास उडावयास लावितो. पण शास्त्रातील तोच गरुड त्यास आपल्या पंखांवर वाहतोही. उडणे आणि वाहणे, दोन्ही शिकले तरच शिक्षण पुरे झाले. आपल्याच मुलाने उडावे आणि शेजारच्या ठाकूर-कातकरी वाडीतील मुलाने खालीच राहावे, हे आम्हांस शोभत नाही.

म्हणून तरुणांनो, रविवारची मिस्सा आटोपल्यावर एखादा तास अशा मुलांचा अभ्यास घ्या, कोणाचा अर्ज लिहून द्या. वर्गात हिंदू, मुसलमान, पारशी सोबती भेटतील. त्यांस घरी आणा, त्यांच्या घरी जा. आईबापांनो, मुलगा किंवा मुलगी घरी आली की नुसते गुण विचारू नका. मित्र कोण, मैत्रिणी कोण, हेही विचारा. आणि जे नोकरीस लागले आहेत, त्यांस आमची आग्रहाची विनंती की प्रत्येकाने एका गरजू विद्यार्थ्याची फी आणि रेल्वेचा पास आपल्या शिरी घ्यावा. फीअभावी एकही मूल या स्टेशनावरून मागे फिरू नये.

ज्युबिलीचे स्मारक दगडाचे असावयास हवे असे नाही. असे एक मूल शिकून उभे राहिले तर तेच आमचे स्मारक होय. परमेश्वर आम्हां सर्वांस तशी सद्बुद्धी देवो. आमेन.