मोफत मृत्युपत्र : घ्यावे की न घ्यावे?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही जरा कटू विषय घेऊन उभे आहोत. 'जिवंतपणी मरणाचा कागद कशाला?' असे आपली म्हातारी माणसे म्हणतात. पण धम्माने आपल्याला अनित्यता शिकवली आहे. मरणाचे नाव घेतल्याने मरण येत नाही, आणि न घेतल्याने टळत नाही.

हल्ली खेड्यापाड्यांत कोणी ना कोणी येऊन सांगतो, 'मृत्युपत्र फुकटात करून देतो, फक्त अंगठा द्या.' चिखली तालुक्यातल्या एका आजीच्या घरी असेच झाले. कागद तयार, गाडी दारात, रजिस्ट्री ऑफिसला निघायचे. दहावीतल्या नातीने सहज वरची ओळ वाचली अन् ओरडली, "आजी, ह्याच्यावर तर बक्षीसपत्र लिवलंय!" मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते आणि जिवंतपणी केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्र एकदा नोंदले की घर त्याच दिवशी दुसऱ्याचे होते. त्या पोरीच्या वाचण्याने आजीचे छप्पर वाचले. बाबासाहेबांनी 'शिका' का सांगितले, ते त्या दिवशी आम्हाला पुन्हा कळले.

मग फुकटचे घ्यायचेच नाही का? तसे नाही. फुकट कोण देतो अन् का देतो, हे आधी विचारायचे. इंग्लंडमध्ये मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांत धर्मादाय संस्था पंचावन्न वर्षांवरील लोकांना वकिलाकडून मोफत मृत्युपत्र करून देतात. त्यात आपल्यालाही काही ठेवावे अशी त्यांची आशा असते, पण सक्ती नसते. आपल्याकडे तर हा हक्कच आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया आणि अनुसूचित जातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले आहे. बुलढाण्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. तिथला सल्ला जरूर घ्यावा.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार मात्र हवेतच. ज्याला वाटा मिळणार, त्याला साक्षीदार करू नये. सातबारा आणि घराचा नमुना आठ सोबत न्यावा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर तिच्या अटी आधी विचाराव्यात.

कोणी म्हणेल, बँकेत नॉमिनी लावला की झाले. आपल्या भिंतीवर टांगलेल्या 'कालनिर्णय'चे जयंतराव साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. काही गुंतवणुकींना वेगळे नॉमिनी होते. ते गेल्यावर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला, की नॉमिनी म्हणून नाव असल्याने कोणी मालक होत नाही, वारसच मालक. एवढ्या जाणत्या घरात हे घडते, तर आपले काय?

आता लेकींचे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत त्याची आई, बायको, मुलगे अन् मुली सारख्या वाटेकरी. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. अन् आपण फुकटचा कागद करून लेकीचे नाव खोडायचे? असे मृत्युपत्र बापाला फुकट पडते, लेकीला मात्र फार महाग पडते.

शेवटी विहाराला एक विनंती. इथे असे शिबिर घेतले, तर त्या कागदात विहारासाठी दान लिहून घेऊ नये. दान द्यायचे त्याने हयातीत, शुद्धीत, स्वतःच्या हाताने द्यावे. मदत करणाऱ्याने वाटा मागितला, की ती मदत राहत नाही.

म्हणून मायबाप हो, फुकटचे घ्या, पण वाचून घ्या. वाचता येत नसेल तर घरातल्या पोरीला वाचायला लावा, आणि मगच अंगठा द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!