गच्चीवरून वर फेकलेला चेंडू आणि वजा चिन्हाची भानगड

वही-पेन जवळ असेल तर घ्या. बसमध्ये असाल तर नुसतं ऐका, आकडे सोपेच घेतलेत.

गणित असं आहे. २५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून चेंडू सरळ वर फेकला, २० मीटर प्रति सेकंद वेगाने. तो जमिनीवर किती वेळाने पडेल? जी म्हणजे गुरुत्व त्वरण १० घ्या, हवेचा विरोध विसरा. येताना चेंडू कठड्याला न लागता खाली जातो असंही धरा. पुस्तकातले चेंडू फार शहाणे असतात.

आपल्यापैकी बरेच जण याचे तुकडे करतात. वर जायला २ सेकंद, तेवढ्यात २० मीटर. मग ४५ मीटर खाली, त्याला ३ सेकंद. एकूण ५. उत्तर अगदी बरोबर! पण सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे तीन पायऱ्या म्हणजे चुकायच्या तीन जागा.

माझं म्हणणं, तुकडे करूच नका. चेंडू हातातून सुटला ती जागा शून्य. वरची दिशा अधिक, खालची वजा. हे कागदावर बाणाने काढा आणि गणित संपेपर्यंत त्याला हात लावू नका. आता सुरुवातीचा वेग अधिक २०. त्वरण वजा १०. आणि जमीन? ती शून्याच्या २५ मीटर खाली, म्हणून विस्थापन वजा २५.

"पण चेंडू आधी वर गेला होता, त्याचं काय?" त्याचं काही नाही. चेंडू एकूण ६५ मीटर फिरला, ते अंतर झालं. समीकरणाला फक्त विस्थापन हवं असतं, म्हणजे कुठून निघाला आणि कुठे पोचला.

-२५ = २० टी - ५ टी²

५ ने भागून सगळं एका बाजूला घ्या: टी² - ४ टी - ५ = ०. अवयव पाडले की टी = ५ किंवा टी = -१. झालं.

त्या -१ वर आपण काट मारतो, पण जरा थांबा, मजा तिथेच आहे. समजा हाच चेंडू गच्चीवरून नाही, जमिनीवरूनच वर फेकला असता आणि गच्चीपाशी त्याचा वेग २० भरला असता. तर तो जमिनीवरून बरोबर १ सेकंद आधी निघालेला असता, ३० च्या वेगाने. आणि खाली पडताना वेग किती? २० वजा ५०, म्हणजे वजा ३०. तोच आकडा, फक्त दिशा उलटी.

आता चिन्ह चुकलं तर काय होतं ते बघा. विस्थापन अधिक २५ घेतलं, तर वर्गमुळाखाली वजा संख्या येते. बरोबरच आहे, कारण चेंडू गच्चीच्या वर २० मीटरच जातो, २५ ला पोचतच नाही! आणि सगळंच अधिक घेतलं, जी सुद्धा, तर उत्तर येतं १ सेकंद. हे धोकादायक, कारण दिसायला छान आहे आणि पर्यायांत बसलेलंही असू शकतं. पण ते खाली फेकलेल्या चेंडूचं उत्तर आहे.

अजून एक गोंधळ. सर्वात वर वेग शून्य होतो, म्हणून त्वरणही शून्य लिहायचं नाही. दोन्ही शून्य असते तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. वर जाताना, टोकाला, खाली येताना, त्वरण वजा १०च.

आता एक तुम्ही करा. फुगा १० मीटर प्रति सेकंद वेगाने वर चाललाय. जमिनीपासून ४० मीटरवर असताना त्यातून दगड सोडला. जमिनीवर कधी पडेल? ४ सेकंद आलं तर जमलं. साधारण २.८ आलं असेल, तर तुम्ही 'सोडला' हा शब्द वाचून सुरुवातीचा वेग शून्य घेतलाय. दगड सुटला तेव्हा तोही फुग्याबरोबर वरच चालला होता.